रमाबाईंचं भांडण

१८८३ साली इंग्लंडात वाँटेजला पंडिता रमाबाईंनी लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या ख्रिस्ती मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचं भांडण जुंपलं. येशूला त्या तारणहार मानत. पण तो आणि देवबाप एकच, हे त्रैक्याचं गणित त्यांना पटेना. बायबलमध्ये दाखवा, मग बोलू! एका धर्मगुरूवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने झुगारलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी पत्रात बजावलं. मी काही श्रद्धाळू नाही, पण ही पत्रं वाचताना बाईंच्या बाजूनेच माझं मन झुकतं. सिस्टर बिचारी चिडणार नाही तर काय!

गंमत म्हणजे रमाबाईंना ख्रिस्ताकडे वळवण्यात नेहेम्या गोऱ्हे यांचा मोठा वाटा. काशीत वाढलेले हे चित्पावन शास्त्री ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघाले आणि १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले. त्यांना मात्र चर्चचा सिद्धान्त काटेकोर हवा.

कवी ना. वा. टिळकांची वाट आणखी निराळी. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तरी तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांचा ख्रिस्त अभंगातून भेटणारा, गुरू आणि माउली. १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती. मिशनरी अस्वस्थ झाले. दोनच वर्षांत टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तचरित्रपर काव्य ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.