जपानी पेट्या आणि खानदेशचा बेंजो

वैशाखाच्या दिवसांत जळगांव अगर धुळें जिल्ह्यांतील एखाद्या मोठ्या गांवीं वरात निघाली, म्हणजे पुष्कळदां सर्वांच्या आधीं कानीं येतो तो बेंजो. मोटारीवर कर्ण्यांच्या भिंती उभ्या केलेल्या असतात, जोडीला ढोल-ताशे असतात, आणि फळीवर ठेवलेल्या एका लांबट पेटीवर वादकाचीं बोटें टंकलेखकाच्या बोटांप्रमाणें धांवत असतात. त्या पेटीचा स्वर मुळांत बारीक, तारेचा. परंतु कर्ण्यांतून बाहेर पडतो तो पुष्कळदां जाड, खरखरीत, जणूं कांहीं फाटलेला. जुन्या वळणाच्या माणसास तो स्वर बोचतो. नाचणाऱ्या तरुणास त्यावांचून वरात वरातच वाटत नाहीं. ह्या फाटक्या स्वराला इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत जपान दोनदां येतो, ही गोष्ट मात्र दोघांसही सहसा ठाऊक नसते.

नागोया हें जपानांतील मोठें उद्योगी शहर. तेथील मोरिता गोरो ह्या वादकानें १९१२ सालीं एक नवें वाद्य घडविलें. जपानचें पारंपरिक कोतो शिकावयाचें, तर गुरु व वेळ दोन्ही हवीं. मोरितानें पोकळ पेटीवर तारा ताणल्या आणि टंकयंत्रावरून कल्पना घेऊन त्यांवर बटणांची रांग बसविली. एका हातानें बटण दाबावें, दुसऱ्या हातांतील नखीनें तार छेडावी, म्हणजे हवा तो स्वर निघतो. त्याच वर्षीं जपानांत ताइशो सम्राटाची कारकीर्द सुरू झाली होती. म्हणून वाद्याचें नांव पडलें ताइशोगोतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तें हिंदुस्थानांत आलें. येथें कोणी त्यास बुलबुलतरंग म्हटलें, कोणी बेंजो; बलुचिस्तानांत तें बेंजू झालें व तेथील लोकसंगीतांत मानाचें स्थान मिळवून बसलें. अमेरिकेंतील कातडें मढविलेल्या बँजोशीं ह्या वाद्याचें नातें केवळ नांवापुरतेंच आहे.

परदेशी वाद्य आपलेंसें करण्याची महाराष्ट्राची ही पहिलीच वेळ नव्हती. युरोपांतून आलेली हार्मोनियम येथें 'पेटी' ह्या घरगुती नांवानें नांदूं लागली. तिचे स्वर ठरीव आहेत, तींत मींड निघत नाहीं, असा आक्षेप विद्वानांनीं घेतला; ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला दाराबाहेर ठेविलें आणि १९७१ पर्यंत ती बंदी टिकली. तरीही भजनांत, कीर्तनांत व नाटकांत पेटी वाजतच राहिली. ठरीव स्वरांचा आक्षेप बेंजोसही लागू पडतो, आणि त्याचें उत्तरही लोकांनीं त्याच रीतीनें दिलें. थोडी किंमत, थोडा अभ्यास आणि ओळखीची चाल लवकर वाजविण्याची सोय ह्या तीन गुणांवर बेंजो गणेशोत्सवांत व लग्नांत शिरला. पुढें त्याच्या तारांखालीं पिकअप बसला, पिकअपची तार ध्वनिवर्धकास जोडली गेली आणि 'बेंजो पार्टी' हा व्यवसाय उभा राहिला. २०१६ सालीं रवि जाधव यांनीं 'बँजो' ह्याच नांवाचा हिंदी चित्रपट काढला. त्याचा नायक असाच एक मुंबईचा वादक आहे.

स्वर मोठा झाला. पण तो फाटला कसा? ध्वनिवर्धकाकडून त्याच्या शक्तीबाहेर काम घेतलें, म्हणजे स्वराच्या लाटांचे माथे छाटले जातात. छाटलेल्या लाटेंत मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर उमटतात व आवाज खरखरीत होतो. अभियंते ह्यास दोष मानीत. अमेरिकेंत नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स ह्या गायकाचें एक गीत मुद्रित होत असतां यंत्रांतील बिघाडामुळें बेस गिटारीचा स्वर असाच फाटला. तो टाकून न देतां तसाच ठेवण्यांत आला, आणि लोकांस आवडला. मग तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारी एक लहानशी पेटी गिब्सन कंपनीनें १९६२ सालीं विक्रीस काढली. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स ह्या इंग्रज वादकमंडळानें ती वापरतांच तिची कीर्ति जगभर झाली. पायानें कळ दाबली कीं स्वर फाटावा, पुन्हां दाबली कीं पूर्ववत् व्हावा, अशी ही योजना असल्यामुळें अशा पेटीस पेडल म्हणतात.

येथें जपान पुन्हां कथेंत येतो. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शिन-एई ह्या जपानी कारखान्याच्या पेट्या निरनिराळ्या व्यापाऱ्यांच्या नांवांनीं परदेशांत विकल्या जाऊं लागल्या. १९७२ सालीं इकुतारो काकेहाशी यांनीं ओसाका येथें रोलँड कंपनी स्थापिली. तिच्याच बॉस ह्या शाखेनें १९७७ पासून मुठीएवढीं, धातूच्या भक्कम कवचाचीं पेडलें काढलीं. १९७८ सालचें नारिंगी रंगाचें डीएस-१ हें त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्याच सुमारास मात्सुमोतो येथील निश्शिन ओन्पा ह्या कारखान्यानें आयबानेझ ह्या नांवासाठीं हिरवें ट्यूब स्क्रीमर बनविलें. एकांत लाटेचे माथे कठोरपणें छाटले जातात, दुसऱ्यांत हळुवारपणें. दोहोंच्या स्वभावांतील भेदाचें तें एक मोठें कारण होय. आयबानेझ हें नांव ज्या होशिनो गाक्की कंपनीचें, ती नागोयाचीच. अशा रीतीनें बेंजो आणि स्वर फाडणारी पेटी, दोघांच्याही कुळकथेंत एकच शहर येतें.

हिंदुस्थानांत १९९१ पूर्वीं परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. अशीं यंत्रें मिळविणें सामान्य वादकास सोपें नव्हतें. ज्यास परदेशीं जाण्याची संधि मिळे, तो तीं घेऊन येई. मुंबईचे चित्रपटवादक चरणजितसिंग यांनीं सिंगापुरांत रोलँड कंपनीचीं यंत्रें विकत घेतलीं आणि त्यांवर १९८२ सालीं दहा रागांची एक तबकडी मुद्रित केली. तेव्हां तिच्याकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें एका डच संग्राहकाच्या हातीं ती जुनी तबकडी पडली, २०१० सालीं ती पुन्हां प्रसिद्ध झाली, आणि उतारवयांत त्या वादकास जगाची दाद मिळाली. संग्राहकाच्या छंदानें कधीं कधीं असाही न्याय होतो.

जुन्या जपानी पेडलांचा छंद आज जगभर आहे, आणि जेथें छंद तेथें बाजारही असतो. बॉसचें एचएम-२ हें १९८३ चें पेडल. तें बनणें १९९१ च्या सुमारास बंद पडलें. परंतु स्वीडनच्या एंटूम्ड ह्या मंडळानें १९९० सालच्या आपल्या तबकडींत त्याचा करवतीसारखा स्वर गाजविल्यामुळें जुन्या नगांस मागणी वाढली, व २०२० सालीं कंपनीस तें नव्यानें काढावें लागलें. घेणाऱ्यानें म्हणून डोळे उघडे ठेवावेत. बॉसचें उत्पादन १९९० च्या आसपास जपानांतून तैवानांत गेलें. तेव्हां तळाची पट्टी आधीं वाचावी. प्रारंभींच्या नगांवर रुपेरी स्क्रू असे, पुढें काळा आला. मात्र स्क्रू बदलतां येतो, हेंही विसरूं नये. आंतील चिप मूळचीच आहे काय, डाक नवा दिसतो काय, विजेरीच्या खान्यांत गंज चढला आहे काय, हें झांकण काढून पाहावें. जुन्या कांहीं बॉस पेडलांवर 'एसीए' हीं अक्षरें असतात. त्यांस आजचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर दिवा मंद लागतो, म्हणून तें बिघडलें असें समजण्याचें कारण नाहीं. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वाजवून पाहावें. निव्वळ चिपेच्या नांवावर दुप्पट किंमत मोजणाऱ्याच्या हातीं कित्येकदां चिपच येते, स्वर येत नाहीं.

परंतु वस्तु जमविणें आणि इतिहास जमविणें ह्यांत अंतर आहे, आणि तें अंतर धुळ्याइतकें दुसऱ्या कोणत्या गांवास कळावें? इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गांवोगांव हिंडले. माळ्यांवर कुजत पडलेलीं दप्तरें त्यांनीं मिळविलीं, वाचलीं व छापलीं. १९२६ च्या ३१ डिसेंबरास धुळ्यासच त्यांचा अंत झाला, आणि पुढील वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें. कागद कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं सांपडला, हें लिहून ठेवल्यावांचून त्या कागदाचें मोल अर्धें राहतें, हा धडा त्यांच्या कार्यांत आहे. पुण्यास दिनकर केळकर यांनीं दिवे, अडकित्ते व वाद्यें ह्यांसारख्या रोजच्या वापराच्या वस्तु आयुष्यभर जमविल्या आणि १९७५ सालीं तो सारा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. सामान्य माणसाच्या हातची वस्तुही इतिहासाची साक्षीदार असते, हें त्यांनीं दाखवून दिलें.

उद्यां खानदेशांतील एखाद्या बेंजोवादकाच्या लोखंडी पेटींतून जुनें जपानी पेडल निघालें, तर तें ज्यास मिळेल त्यानें हा धडा आठवावा. हंगाम संपल्यावर गरजेपोटीं तें स्वस्तांत विकलें जाईल; घेणारा त्यावरील मंडळाचें रंगविलेलें नांव खरवडील, गांवच्या कारागिरानें घातलेला डाक उपटून काढील आणि तें नव्यासारखें करून कांचेच्या कपाटांत ठेवील. त्याची किंमत वाढेल, पण त्याची जबानी नाहींशी होईल. तें कोणी वापरलें, कोणत्या वरातींत वाजलें, कोणत्या अहिराणी गाण्याला त्यानें साथ दिली, हें एका कागदावर उतरून वस्तूबरोबर ठेवण्यास खर्च येत नाहीं; विचारण्याची बुद्धि मात्र पाहिजे. आणि योग्य किंमत त्या वादकासच मिळावी, हें तर साधें न्यायाचें बोलणें झालें.

फाटलेला स्वर गोड कीं कर्कश, हा वाद चालेल तितका चालो. रात्रीं दहानंतर कर्णे बंद ठेवावेत, असें २००० सालचे नियम सांगतात, आणि तें झोपणाऱ्याच्या हिताचेंच आहे. परंतु ज्या स्वरावर एका पिढीचीं लग्नें लागलीं व कित्येकांच्या चुली पेटल्या, तो स्वर कोठून आला हें पुढील पिढीस सांगतां आलें पाहिजे. सांगणारा वादक आज गांवांत आहे. त्यास आजच विचारलें पाहिजे.