मृत्यूनोंदीतील न दिसणारे कारण : श्वसनविषाणू, दीर्घकालीन हृदय-फुप्फुसविकार आणि गंगाखेड परिसर

प्रस्तावना

मृत्यूच्या नोंदवहीत ‘कारण’ या रकान्यात बहुधा एकच शब्द लिहिलेला असतो. वर्षानुवर्षे दम्याने त्रस्त असलेल्या वृद्धेला भाद्रपदात सर्दी-ताप येतो, आठवड्याभरात धाप वाढते आणि ती दगावते. नोंद होते ‘दमा’ अशी. हृदयाची झडप अरुंद झालेली तरुण स्त्री तापानंतर अचानक श्वास कोंडून जाते; नोंद होते ‘हृदयविकार’. दोन्ही नोंदी खोट्या नाहीत, परंतु अपुऱ्या आहेत. ज्या विषाणूने जुन्या दुखण्याला अखेरचा धक्का दिला, त्याचे नाव कोठेच उमटत नाही. हे नाव इतिहासात केव्हा व कसे दिसू लागले आणि गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी ते आजही का दिसत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या कारणाचा माग काढण्याची पहिली पद्धत आकडेशास्त्राने दिली. लंडनमध्ये १८४७ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हा विल्यम फार यांनी केवळ ‘इन्फ्लुएन्झा’ म्हणून नोंदलेले मृत्यू मोजले नाहीत. त्या आठवड्यांत एरवी किती मृत्यू झाले असते आणि प्रत्यक्षात किती झाले, यातील फरक त्यांनी काढला. श्वासनलिकेचा दाह, दमा अशा इतर नावांखालील मृत्यूही त्याच आठवड्यांत वाढले होते. यालाच पुढे ‘अतिरिक्त मृत्यू’ हे नाव मिळाले. वैद्यकाला हा विषाणू मानवात सापडला १९३३ साली. हिशेबाने त्याचा परिणाम त्याआधी शहाऐंशी वर्षे पकडला होता.

मानमोडी आणि मराठवाडा

आपल्याकडे या विषयाची चर्चा १९१८ च्या साथीपासून सुरू होते, आणि तेथेच ती काहीशी वाट चुकते. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात प्रकट झालेली ही साथ सप्टेंबरमध्ये अधिक उग्र होऊन परतली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू झाले. रेल्वेमार्गांनी ती आतल्या प्रदेशात पसरली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता. धान्य महाग, चारा दुर्मिळ. मराठी खेड्यांनी या तापाला ‘मानमोडी’ म्हटले. देशातील एकूण बळींचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपासपासून पावणेदोन कोटींच्याही पुढे जातात.

गंगाखेड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात होते. संस्थानातील जन्ममृत्यूच्या नोंदी फार तोकड्या होत्या. त्यामुळे आपल्या हाती मुख्यतः उरते ती खानेसुमारी. १९११ मध्ये संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती. १९२१ मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाख भरली. त्या दशकात प्लेगही होता, दुष्काळही होता. ही सारी घट मानमोडीच्या माथी मारता येणार नाही. शेजारच्या ब्रिटिश मुलखात नोंदी होत्या, परंतु तेथेही साथीचे बहुसंख्य मृत्यू ‘ताप’ या सर्वसमावेशक सदरात जमा झाले.

वाट चुकते ती अशी. १९१८ ची साथ विशेषेकरून वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांवर तुटून पडली. त्यामुळे इन्फ्लुएन्झा म्हणजे निरोग्यांनाही झोपवणारी क्वचित येणारी आपत्ती, असे चित्र आपल्या इतिहासलेखनात रूढ झाले. वास्तविक ती साथ अपवाद होती. एरवीच्या वर्षांत हा विषाणू गाजावाजा न करता वृद्ध, दमेकरी आणि हृदयरुग्ण यांना वेचतो, आणि त्यास कोणी साथ म्हणत नाही.

१९५७ : झडपेची साक्ष

हे दुसरे चित्र स्पष्ट झाले १९५७ च्या ‘एशियन फ्लू’मध्ये. न्यूयॉर्कमधील वैद्यांनी फुप्फुसात गुंतागुंत झालेल्या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्यांत संधिवाती तापामुळे हृदयाची झडप अरुंद झालेल्यांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी आढळली. त्यामागील यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. डाव्या बाजूची झडप अरुंद झाली की रक्त पुढे सरकण्यास अडते आणि फुप्फुसांत साचून राहते. तापाने नाडी वेगवान झाली की दोन ठोक्यांमधील विसाव्याचा काळ आखूड होतो, म्हणजेच अरुंद दारातून रक्त जाण्यास मिळणारा वेळ आणखी घटतो. त्यातच विषाणूने फुप्फुसाच्या अस्तराला इजा केलेली असते. काही तासांत फुप्फुसे पाण्याने भरतात. या अनुभवानंतर १९६० मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दीर्घकालीन विकार असलेले रुग्ण यांना दरवर्षी लस देण्याची शिफारस केली.

संधिवाती ताप हा दाटीच्या, गरीब वस्तीचा रोग. म्हणजे ज्या झडपेची साक्ष न्यूयॉर्कमध्ये निघाली, ती भारतात कितीतरी अधिक घरांत होती. भारतात १९५७-५८ मध्ये सुमारे ४४ लाख रुग्ण नोंदले गेले आणि मृत्यू मात्र सुमारे ११००. चार हजार रुग्णांमागे एक मृत्यू! माझ्या मते हा आकडा साथीच्या सौम्यतेइतकाच नोंदीच्या पद्धतीविषयीही बोलतो. ‘इन्फ्लुएन्झा’ असे लिहिले गेले तेवढेच मोजले गेले. फार यांची वजाबाकी येथे झाली नाही.

पुढील संशोधनाने हा संबंध अधिक घट्ट केला. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील २०१८ च्या अभ्यासात, इन्फ्लुएन्झाचे निदान झाल्यापासून सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट आढळला. केवळ बालकांचा समजला जाणारा आरएस विषाणूही हृदय-फुप्फुसविकार असलेल्या प्रौढांत दरवर्षी शंभरांत चार ते दहा जणांना गाठतो, असे २००५ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसले.

प्रमाणपत्राचा प्रश्न

महाराष्ट्रात हा वर्ग सरकारी कागदावर ठळकपणे आला तो स्वाइन फ्लूच्या वेळी. देशातील त्याचा पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात गेला. केंद्राच्या तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांचे अ, ब, क असे वर्ग केले होते, आणि ‘ब’ वर्गाच्या दुसऱ्या भागात फुप्फुस व हृदय यांचे विकार असलेल्यांना चाचणीची वाट न पाहता औषध देण्याची तरतूद होती. तत्त्व मान्य झाले. परंतु आपल्याला असा विकार आहे हे रुग्णाला ठाऊक असले पाहिजे, ही अट त्यात अध्याहृत होती.

ही अट २०२१ मध्ये उघडी पडली. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना कोविडची लस खुली झाली. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागत असे. श्वसनविकाराच्या बाबतीत निकष होता मागील दोन वर्षांत रुग्णालयात दाखल झाल्याचा, किंवा श्वासमापनात पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या निम्म्याहून कमी असल्याचा. आता गोदाकाठच्या खेड्यातील पन्नाशीची स्त्री डोळ्यांपुढे आणावी. तिने तीस-पस्तीस वर्षे पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात स्वयंपाक केला आहे. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांतही चुलीच्या धुराने श्वासमार्ग कायमचे आकसतात, हे पुण्यातील संशोधकांच्या सहभागाने २००९ मध्ये जागतिक वैद्यकीय नियतकालिकात मांडले गेले होते. परंतु ती कधी दवाखान्यात दाखल झालेली नाही, श्वासमापन यंत्र तिने पाहिलेले नाही. तिच्या लेखी ‘दम लागतो’ ही व्याधी नव्हे, वयाचा भाग आहे. निकषांच्या दृष्टीने ती निरोगी ठरली! १ एप्रिलला ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाल्याने हा भेद महिनाभरातच संपला, एवढेच.

नोंदवही कशी वाचावी

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यान्वये मृत्यूच्या वैद्यकीय कारणासाठी नमुना ४ व ४-अ ठरलेले आहेत. त्यांत तात्कालिक कारण, त्यामागील कारण आणि इतर सहायक विकार अशा वेगळ्या ओळी असतात, म्हणजे ताप आणि दमा दोन्ही लिहिण्याची सोय आहे. प्रत्यक्षात २०२० मध्ये देशातील नोंदलेल्या मृत्यूंपैकी एक चतुर्थांशाहूनही कमी मृत्यूंचे असे वैद्यकीय प्रमाणीकरण झाले. घरी आलेला मृत्यू बहुधा एका शब्दात मिटतो.

तरीही नोंदवही निरुपयोगी नाही. कारणाचा रकाना बाजूला ठेवून तारीख, वय आणि लिंग एवढेच घेतले, तरी फार यांची वजाबाकी गंगाखेड नगरपरिषदेच्या कागदांवर करता येईल. महाराष्ट्रात इन्फ्लुएन्झा मुख्यतः पावसाळ्यात उसळतो आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात पुन्हा डोके वर काढतो. त्या महिन्यांतील साठीपुढील मृत्यू इतर महिन्यांशी ताडून पाहावेत. २००९-१० आणि २०२०-२१ ही वर्षे वेगळी काढावीत. इतिहास आणि संख्याशास्त्र या विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे काम सहज पेलण्यासारखे आहे.

मात्र एक व्यावहारिक अडचण ध्यानात घ्यावी लागेल. मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते, मृत जेथे राहत होता तेथे नव्हे. गंगाखेडचा गंभीर रुग्ण परभणी किंवा नांदेडच्या रुग्णालयात जातो आणि तेथेच दगावला तर तेथील वहीत जातो. अंत्यविधी गोदावरीच्या काठी झाला तरी त्याने नोंद बदलत नाही. त्यामुळे केवळ गंगाखेडची वही पाहणाऱ्यास साथीच्या महिन्यांतही आकडा कमी भासेल. तिन्ही ठिकाणच्या वह्या मृताच्या कायम पत्त्यानुसार जुळवूनच ही वजाबाकी मांडावी लागेल.