निंदा आणि निदान

आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत चरकसंहितेचा मान मोठा आहे. तिच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नाव 'अष्टौनिन्दितीय' असे आहे. शरीराच्या ठेवणीमुळे लोकांच्या निंदेस पात्र होणारी आठ प्रकारची माणसे तेथे सांगितली आहेत. फार उंच आणि फार ठेंगणा, फार केसाळ आणि मुळीच केस नसलेला, फार काळा आणि फार गोरा, फार लठ्ठ आणि फार कृश. यांपैकी शेवटच्या दोघांचा ग्रंथकाराने विस्ताराने विचार केला आहे. कारण त्यांचे दुखणे वैद्याच्या कक्षेत येते.

जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या मला या अध्यायाचे कौतुक वाटते ते एका वेगळ्याच कारणासाठी. त्याचे नाव निंदेचे आहे, पण आतला मजकूर निदानाचा आहे. लठ्ठपणाची कारणे सांगताना जड, गोड व स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्या पंगतीत चरकाने 'बीजस्वभाव' हेही कारण बसवले आहे. म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा. याहून मार्मिक गोष्ट पुढे आहे. मेदाने वाट अडवलेला वायू कोठ्यात फिरून अग्नी चेतवतो आणि त्यामुळे स्थूल माणसाला भूक अधिक लागते, असे तो म्हणतो. म्हणजे अधिक भूक हा त्या माणसाचा हावरटपणा नव्हे, ती रोगाचीच एक खूण होय! पुढे वाग्भटाने तर स्थूलाला औषधच नाही, असे स्पष्ट सांगून टाकले. आपल्या पूर्वजांनी या दुखण्यापुढे हात टेकले असतील. पण हात टेकण्यापूर्वी त्यांनी विचार केला होता.

आता दिवाळीच्या दिवसांत, फराळाचे ताट पुढ्यात असताना, हा विषय कशाला, असे वाचक विचारतील. त्याचे कारण घरचेच आहे. माझी धाकटी बहीण अकोल्याला दिली आहे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी, असे तिने मनाशी ठरवले आणि मग डॉक्टरांच्या दारोदार तिला जे ऐकावे लागले, ते तिच्या संमतीनेच येथे लिहीत आहे.

आमचे माहेर अमरावतीचे, आणि अमरावती हे तर आखाड्यांचे गाव. वैद्य बंधूंनी १९१४ साली लावलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे रोपटे येथेच वाढले. १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचे पथक बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. अशा गावात लठ्ठ माणसाला उपाय विचारावा लागत नाही; तो न विचारताच मिळतो. दंड काढा, बैठका मारा, पळा! व्यायामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण बहिणीचे वय सेहेचाळीस, उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ११२ किलो. गुडघे झिजलेले, मधुमेह दहा वर्षांचा आणि रात्री झोपेत श्वास अडकून ती दचकून उठे. पथ्य करून तिने दोनदा चौदा-पंधरा किलो वजन उतरवले होते. दोन्ही वेळा ते व्याजासह परत आले.

पहिले डॉक्टर अकोल्याचे. त्यांनी वजन केले नाही की रक्तदाब पाहिला नाही. "तोंडाला कुलूप लावा, म्हणजे पोट कापावे लागणार नाही," एवढे बोलून त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली. दुसरे अमरावतीचे. त्यांनी हे श्रीमंतांचे चोचले असल्याचा निर्वाळा दिला आणि नवऱ्याला उद्देशून, "यांना घरात काम कमी आहे का?" असा प्रश्न केला. घरी सासूबाई म्हणाल्या, "चांगल्या पोटाले चाकू काऊन लावतं वं माय?" पण त्यांच्या बोलण्यात निदान माया होती.

तिसरे डॉक्टरही अमरावतीचेच, आणि नकार त्यांनीही दिला. पण तो देण्यासाठी त्यांनी पाऊण तास खर्च केला. ते म्हणाले, "ताई, आज मी नाही म्हणतो, त्याची कारणे ऐका. तुमची तीन महिन्यांची साखर फार चढलेली आहे, भूल देण्यापूर्वी ती खाली आली पाहिजे. झोपेतल्या श्वासाची तपासणी झालेली नाही. रक्तात लोह आणि बी-बारा दोन्ही कमी आहेत, आणि या शस्त्रक्रियेनंतर ती आणखी कमी होतात. ही कामे करून या, मग चिठ्ठी मीच लिहून देतो."

नकार तिघांचा, पण पहिल्या दोघांनी दिली ती निंदा आणि तिसऱ्याने दिले ते निदान. या दोहोंतील फरक रुग्णाला ओळखता आला पाहिजे, असे मला वाटते. आणि त्यासाठी थोडा इतिहास ठाऊक असावा.

डॉक्टरांनी हसण्यावारी नेलेला लठ्ठ माणूस ही काही आजची गोष्ट नव्हे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि आपल्या वऱ्हाडचा कापूस विलायतेत सोन्याच्या भावाने जात होता, त्याच सुमारास, १८६३ साली, लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने एक छोटे पुस्तक छापले. धंद्याने तो अंत्यविधीची व्यवस्था करणारा. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड. वर्षानुवर्षे त्याने डॉक्टर केले. कोणी व्यायाम सांगितला, म्हणून तो पहाटे उठून नाव वल्हवू लागला. स्नायूंना बळ आले, पण त्याबरोबर भूकही वाढली. अखेर कानाला कमी ऐकू येते म्हणून तो हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला, आणि त्या डॉक्टरने साखर व पिष्ट पदार्थ तोडायला सांगितले. सुमारे वर्षभरात त्याचे ४६ पौंड उतरले. पुस्तक हातोहात खपले, आणि एका सामान्य माणसाने वैद्यकात तोंड घालावे म्हणून अनेक डॉक्टरांनी त्याच्यावर झोड उठवली.

शस्त्रक्रियेचा इतिहास त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी सुरू होतो, आणि येथे मात्र डॉक्टरांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. १९५२ साली स्वीडनमधील हेन्रिक्सन याने वजन उतरवण्यासाठी लहान आतड्याचा मोठा भाग कापून काढल्याचे नमूद केले. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटाच्या शल्यविशारदांनी आतडे न काढता, अन्नाची वाट त्यातील बराच भाग वगळून पुढे जोडून दिली. अन्न अंगी लागण्याआधीच पुढे सरके. वजन झपाट्याने उतरे. पण त्याची किंमत भयंकर होती. सततचे जुलाब, मूतखडे, शरीरातील क्षारांचा तोल जाणे, आणि काहींचे तर यकृतच निकामी झाले. कितीतरी रुग्णांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली. त्या काळी शिकलेल्या डॉक्टरांच्या मनात या शस्त्रक्रियेची धास्ती बसली असेल आणि ती त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना दिली असेल, तर त्यात नवल नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. ती फक्त जुनी झाली.

ती जुनी कशी झाली? आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आले, की व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन वाढता वाढत नाही. त्यावरून १९६६ साली त्यांनी जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया केली. पुढे तिच्यात अनेक सुधारणा झाल्या, आणि १९९४ साली ती पोट न उघडता दुर्बिणीतून करण्यात यश आले. १९९५ साली अमेरिकेतील वॉल्टर पोरिस यांनी आपल्या ६०८ रुग्णांची हकिकत छापली. त्यांतील १४६ मधुमेही रुग्णांपैकी १२१ जणांची साखर पूर्वपदावर आली होती. एखाद्या शस्त्रक्रियेने मधुमेह हटावा, याचे खुद्द त्यांनाच एवढे नवल वाटले, की लेखाच्या मथळ्यातच त्यांनी ते बोलून दाखवले.

आज जी शस्त्रक्रिया अधिक ऐकू येते, तीत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. ती मुळात अतिजड रुग्णांसाठी पहिली पायरी म्हणून होती; दुसरी पायरी नंतर चढायची. पण अनेकांचे वजन पहिल्याच पायरीवर पुरेसे उतरले. त्याचे कारण केवळ जागा कमी झाली एवढेच नाही. १९९९ साली जपानी संशोधकांना 'घ्रेलिन' हे भूक चेतवणारे द्रव्य सापडले. ते मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते, नेमका तोच भाग या शस्त्रक्रियेत जातो. चरकाने कोठ्यातील वायूवर बोट ठेवले होते. आजचे शास्त्र रक्तातील द्रव्यावर ठेवते. दोघांचे कारण वेगळे, पण भूक ही चारित्र्याची परीक्षा नव्हे, यावर दोघांचेही एकमत आहे.

मग आयुष्य वाढते का? याचे उत्तर स्वीडनने दिले. १९८७ साली तेथे एक मोठा अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया केलेले २०१० आणि नेहमीचे उपचार घेणारे २०३७ अशा दोन गटांचा सरासरी अकरा वर्षे पाठपुरावा केला. २००७ साली आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा पहिल्या गटात १०१ आणि दुसऱ्यात १२९ मृत्यू झाले होते. पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या नव्वद दिवसांत पाच रुग्ण दगावले, हेही त्याच अहवालात आहे. जो डॉक्टर यांतील एकच आकडा सांगतो, तो अर्धे सत्य सांगतो, मग तो शस्त्रक्रियेचा भक्त असो वा वैरी.

आणखी एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला आणि युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंची-वजनाच्या गणिताने येणारा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. पण अंगातील चरबी इंग्रजाच्या ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दिसायला सडपातळ असलेला आपला माणूस आतून किती मेदस्वी असतो, हे त्या एका फोटोने जगाला समजले. म्हणूनच १९९१ साली अमेरिकेने शस्त्रक्रियेसाठी निर्देशांकाची जी ४०ची, किंवा सोबत गंभीर व्याधी असल्यास ३५ची, मर्यादा घातली, ती भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली ३७.५ आणि ३२.५ वर आणली. २०२२ साली जागतिक संघटनांनी मर्यादा आणखी खाली आणल्या. विम्याच्या नियमांत मात्र २०१९ सालीही जुनेच ४० आणि ३५ राहिले, आणि शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी, अशी अटही त्यांत आहे. तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीचे मोल केवळ मानाचे नाही, पैशाचेही आहे.

बहिणीचा निर्देशांक ४६ च्या वर होता. म्हणजे कोणत्याही तक्त्याने ती पात्रच होती. पहिल्या दोघांनी तो काढलाच नव्हता. तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली कामे तिने सहा महिन्यांत पुरी केली, त्यांनी दिलेली चिठ्ठी घेऊन ती नागपूरला गेली आणि शस्त्रक्रिया झाली. दीड वर्षाने तिचे वजन ७९ किलो आहे. इन्सुलिन सुटले, पण एक गोळी राहिली. मधले काही महिने केस मूठमूठ गळाले, तेव्हा ती रडलीही. बी-बारा आणि लोह आता जन्माचे सोबती. पुरणपोळी ती चतकोर खाते आणि चवीने खाते. चमत्कार झाला असे तिचे म्हणणे नाही. रात्री सलग झोप लागते, एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगते.

प्रत्येक स्थूल माणसाने पोटावर शस्त्र चालवून घ्यावे, असे सुचवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. भूक आवरणारी नवी इंजेक्शने २०२५ सालापासून भारतातही मिळू लागली आहेत. कोणाला ती पुरतील, कोणाला पथ्य व चालणे पुरेल. शस्त्रक्रियेचा बाजार मांडून, तपासण्या न करता घाईने टेबलावर घेणाराही एखादा भेटेल. तोही निंदकाइतकाच टाळावा. माझे मागणे साधे आहे. डॉक्टर 'नाही' म्हणाले, तर नम्रपणे कारण विचारावे. ही 'नाही' कायमची की आजची, ते विचारावे. शस्त्रक्रिया नको तर दुसरा उपाय कोणता, आणि त्याने किती महिन्यांत काय फरक पडावा, तेही विचारावे. डॉक्टर 'हो' म्हणाले, तर पाच वर्षांनंतर रक्त कोण तपासणार, हे विचारावे. उत्तरे कागदावर मागावीत, आणि ती मिळत नसतील तर दुसरे दार ठोठवावे. बडनेऱ्यावरून नागपूरला आणि मुंबईला, दोन्हीकडे गाड्या जातात.

ज्याला कारण सांगता येते त्याच्या नकाराचाही मान राखावा. ज्याच्याजवळ फक्त टोमणा आहे, त्याने अजून अध्यायाचे नाव तेवढे वाचले आहे. आतला मजकूर त्याचा वाचायचा राहिला आहे.