नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

आपल्या मराठींत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' यांत फेर तो केवढासा! पहिलें काम बारशाच्या दिवशीं आत्या करते. दुसरें पुढें जन्मभर जग करतें. बीड जिल्ह्यांतील खेड्यांच्या शाळांतून हजेरीपट वाचण्यांत माझीं ३४ वर्षें गेलीं, आणि ह्या दोहोंतील अंतर त्या हजेरीपटांत मला कित्येकदां पुसट झालेलें दिसलें.

शास्त्राची वाट सर्वांस ठाऊक आहे. देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम व व्यावहारिक नाम अशीं चार नांवें सांगितलेलीं असून, मासनामें मार्गशीर्षापासून मोजतात: मार्गशीर्षांत जन्मलेला तो कृष्ण, पौषांतला अनंत, माघांतला अच्युत, असें करीत कार्तिकांतल्या पुंडरीकाक्षापर्यंत. मुलीचें नांव उच्चारास सोपें, मंगल व दीर्घ स्वरांत संपणारें असावें, असें मनुस्मृति म्हणते. परंतु आमच्या आयाबाया मनूस विचारावयास कधीं गेल्या नाहींत. गांवचा देव हेंच त्यांचें पंचांग. परळीच्या आसमंतांत हांक मारा, दोन तरी वैजनाथ 'ओ' देतील. अंबाजोगाईकडे योगेश्वर आणि योगेश्वरी.

माजलगांव तालुक्यांत गोदाकांठीं पुरुषोत्तमपुरी म्हणून गांव आहे. तेथें सांपडलेल्या शके १२३२, म्हणजे इ. स. १३१० च्या ताम्रपटांत यादव राजा रामचंद्र याच्या पुरुषोत्तम नामक मंत्र्याचा व त्याच्या नांवच्या अग्रहाराचा उल्लेख आहे. राज्य बुडालें, नांव सातशें वर्षें टिकलें. तेथील पुरुषोत्तमाच्या देवळापाशीं अधिक मासांत मोठी जत्रा भरते. ह्या मासास पोथींत पुरुषोत्तममास म्हणतात, आणि घरांत धोंड्याचा महिना. तेव्हां त्यांत जन्मलेलें मूल एका घरीं पुरुषोत्तम होतें, तर शेजारीं धोंडीराम.

धोंडू हें नांव मात्र नेहमींच महिन्यावरून येतें असें नाहीं. धोंडू, दगडू, कचरू, उकिरडा हीं नांवें वाचून शहरांतील नवे शिक्षक गालांत हंसत. त्यांना मी एकच विचारीं: ह्याच्या आधींचीं भावंडें किती गेलीं? मुलें लागोपाठ दगावलीं, कीं आई पुढच्यास दगड म्हणे, कचरा म्हणे. हेतु हा, कीं मृत्यूनें त्यास टाकाऊ समजून पुढें जावें. दूर पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांवरहि मुलास ओंगळ नांव देऊन पीडेपासून राखण्याची चाल होती. देवी व पटकी यांच्या दिवसांत त्या आईजवळ दुसरें औषध तरी कोणतें होतें? दगडू हें मला मराठींतील अत्यंत मायेचें नांव वाटतें.

पण त्याच हजेरीपटांत 'नकोशी' हें नांवहि येई. दगडूस टाकाऊ म्हटलें तें राखण्यासाठीं. नकोशीस तसें म्हटलें तें मनापासून, पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. वरवर पाहतां दोन्हीं नांवें एकाच उकिरड्यावरचीं, अर्थ मात्र अगदीं उलट. साताऱ्यास २०११ च्या ऑक्टोबरांत अशा २८५ मुलींस समारंभानें नवीं नांवें देण्यांत आलीं, तें उत्तम झालें. परंतु त्याच वर्षींच्या जनगणनेंत आमच्या बीड जिल्ह्यांत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें मुली ८०७ च होत्या. दहा वर्षांपूर्वीं त्या ८९४ होत्या. म्हणजे पूर्वीं नकोशी म्हणून कां होईना, जी पाळण्यांत पडे, ती आतां पाळण्यापर्यंतहि पोंचेना.

माझ्या हातची एक चूक येथें सांगतों. एका बापानें मुलीस पहिलींत घालतांना "नकोशी" सांगितलें, व मीं मान वर न करतां तें लिहून घेतलें. पुढें तिचें लग्न झालें. सासरीं ताटांतील तांदळांत अंगठीनें नवें नांव लिहिलें गेलें, व तेंच सारें गांव हांक मारूं लागलें. मग एके दिवशीं ती दाखल्यासाठीं आली आणि म्हणाली, "गुरुजी, आतां तरी दुसरें लिहा कीं." मीं तिला नियम समजावून सांगितला: प्रतिज्ञापत्र हवें, राजपत्रांत प्रसिद्धि हवी, आणि तरीहि जुना दाखला जुनाच राहतो. नियम खरा होता. तिनें दाखला घडी करून पदराखालीं धरला व ती गेली. त्यावर माझ्याच अक्षरांत, चांगलें वळणदार, तेंच नांव होतें.