मुळांच्या आधी

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. कणकवलीचा आषाढ, बाहेर पावसाची झोड लागलेली. पाण्यातली वनस्पती जमिनीवर कशी आली, हा धडा मी रंगात येऊन शिकवीत होतो. मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, "गुरुजी, पयल्या झाडाक मुळां होती काय?" वर्ग हसला. "अरे, मुळांशिवाय झाड जगेल कसं?" असे म्हणून मी त्याला खाली बसवले. वाचकहो, आज कबूल करतो, चुकलो मीच होतो.

त्या प्रश्नाचे उत्तर स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावी, शेताच्या गडग्यात पडून होते. आपल्या परड्याभोवती असतात तसे दगडी गडगे तिकडेही असतात. १९१२ साली विल्यम मॅकी या भूगर्भशास्त्राचा नाद असलेल्या डॉक्टरला त्यांत गारगोटीसारखे दगड दिसले. त्यांचे पातळ काप करून पाहतात तो आत झाडे! राजापूरजवळ उन्हाळे गावी गरम पाण्याचा झरा आहे. तसेच, पण कितीतरी कढत झरे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी ऱ्हायनीत होते. त्यांच्या पाण्यातल्या सिलिकेने काठचे रान पेशीन् पेशी जपून दगडात ठेवले. झाडे जेमतेम वीतभर. ना पाने, ना खरी मुळे.

रॉबर्ट किडस्टन आणि विल्यम लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात पाच निबंधांत त्यांचे वर्णन केले. खोडांच्या आत त्यांना बुरशीचे धागेही दिसले. पण ही बुरशी जिवंत झाडाची सोबतीण, की मेल्यावर कुजवायला आलेली? निकाल लागायला १९९४ साल उजाडले. विनफ्रिड रेमी, थॉमस टेलर आदी चौघांनी अ‍ॅग्लाओफायटन या झाडाच्या पेशींत बुरशीची चिमुकली झुडपे दाखवून दिली. अशी झुडपे जिवंत पेशीतच वाढतात, मेलेल्या नव्हे.

हा सौदा आजही चालू आहे. झाड उन्हावर साखर तयार करते, त्यातला वाटा बुरशीला देते. बुरशी आपले केसाहून बारीक धागे दूरवर पसरून मातीतला फॉस्फरस आणि पाणी आणते. जर्मनीच्या फ्रांक यांनी १८८५ साली या जोडीला 'बुरशी-मूळ' अशा अर्थाचे नाव दिले. ऱ्हायनीत तर मूळच नव्हते. तिथे मुळाचे काम बुरशीनेच सांभाळले असावे.

आमच्या जांभ्याच्या मातीतले लोह फॉस्फरसला चिक्कूच्या मुठीसारखे धरून ठेवते. तरी आंबा-काजू उभे आहेत. त्यांच्याही मुळांत याच कुळातली बुरशी नांदते. आम्हाला मात्र बुरशी म्हटली की पावसाळ्यातले लोणचे आणि चामड्याच्या वहाणा तेवढ्या आठवतात!

तो पोर शाळा संपवून मुंबईस गेला. प्रथम लालबागला गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकली, पुढे नोकरी लागली, असे त्याची आई सांगत होती. यंदा दिवाळीला तो यायचा आहे. हा अंक त्याच्या घरी धाडतो आहे. बाबा रे, पहिल्या झाडाला मुळे नव्हती. तुला खाली बसवायला नको होते.