मृतमांस आणि मनुष्यत्व

अमेरिकेतील अलास्का राज्यात मूस नावाचे महाकाय हरिण मोटारीखाली सापडून मेले, तर ते वाया जात नाही. ते सरकारच्या मालकीचे ठरते, आणि पोलिसांचा निरोप येताच धर्मादाय संस्थांचे लोक येऊन त्याचे मांस घेऊन जातात. माँटाना राज्याने २०१३ साली कायदा करून रस्त्यावर मेलेली हरिणे नेण्यास मुभा दिली. ऑरेगन राज्यात २०१९ पासून असे परवाने मिळतात. अट एवढीच की, डोके आणि शिंगे सरकारजमा करावयाची. तेथील लोक याला काटकसर म्हणतात, आणि हे मांस खाणारा समाजात तिळभरही हलका ठरत नाही.

हे वृत्त वाचून मराठी वाचकास आपल्याच गावकुसाबाहेरच्या एका इतिहासाची आठवण व्हावी. मेलेल्या जनावराचे मांस आणि कातडे यांचा उपयोग आपल्याकडेही शतकानुशतके होत आला. परंतु येथे त्याला काटकसरीची प्रतिष्ठा मिळाली नाही; ते जन्माला चिकटलेले लांच्छन ठरले. एकाच कृत्याला दोन ठिकाणी इतकी भिन्न किंमत का यावी?

गावगाड्यात मेलेले ढोर ओढून नेणे हे महारांचे वतनी काम होते. त्याच्या मोबदल्यात त्यांस बलुते मिळे, इनाम जमिनीचा तुकडा मिळे, आणि ढोराचे मांसही मिळे. बेदरच्या बादशहाने आपणांस बावन्न हक्क दिले, अशी महारांची परंपरागत समजूत होती. त्यांच्या इनाम जमिनीस हाडकी-हाडोळा म्हणत. या शब्दांत ‘हाड’ किती उघडपणे बसले आहे हे पाहिले, म्हणजे इतिहास शोधण्यास दफ्तरेच धुंडाळावी लागतात असे नाही, हे कळून येते.

या कामावर गावाचे किती अवलंबून होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. गाईबैलांची हत्या निषिद्ध. तेव्हा जाड कातडे मिळावयाचे ते मुख्यतः आपोआप मेलेल्या जनावराचेच. ढोर जातीचे कारागीर ते चुन्यात भिजवीत, केस खरवडून काढीत, मग त्याची पिशवी शिवून तीत बाभळीची साल व हिरडा यांचे पाणी भरून ती टांगून ठेवीत. अशा कातड्याची मोट होई, पखाल होई, आसूड होई, वहाणा होत. विहिरीवर मोट चालली नाही तर बागाईत वाळून जावयाचे. म्हणजे ज्या उसाचा गूळ देवाच्या नैवेद्यास चाले, त्या उसाला पाणी पाजणारी मोट ज्या ढोराच्या कातड्याची, ते ओढून नेणारा माणूस मात्र शिवून घेण्यास अपात्र! गावाने वस्तू घेतली आणि विटाळ तेवढा माणसापाशी ठेवला.

१९२७ सालच्या मार्च महिन्याच्या १९ व २० तारखांस महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या पाण्यामुळे ती अजरामर झाली. परंतु तेथेच डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचा उपदेश केला, हे आपल्या पांढरपेशा वाचकांच्या स्मरणात कमी असते. पाणी घेणे हा हक्क होता, आणि मृतमांस सोडणे हा स्वाभिमान होता. पुढल्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे बिल मांडले. वतन जाईपर्यंत बेगार जाणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. ही कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ साली, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी.

या निश्चयावर आक्षेप आला तो मोठा मासलेवाईक होता. १९५६ सालच्या १५ ऑक्टोबरला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची आठवण सांगितली आहे. ढोरे ओढणे सोडल्याने अस्पृश्यांचे दरसाल किती रुपयांचे नुकसान होते, याचा हिशेब ‘केसरी’तील पत्रांत मांडण्यात आला होता. लाभ जर एवढा मोठा, तर तो तुम्हीच का पदरात पाडून घेत नाही, असा त्यांचा उलट प्रश्न होता. आमच्या मते सगळ्या वादाची गुरुकिल्ली या प्रश्नात आहे. आक्षेपकांचा हिशेब कदाचित बरोबरही असेल. पण इज्जतीचा रकाना त्यांच्या वहीत मुळी नव्हताच.

या प्रश्नास आचरणाने उत्तर देणारा एक मनुष्य कोकणात होऊन गेला. अप्पासाहेब पटवर्धन हे जन्माने ब्राह्मण. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून त्यांनी उपोषण केले, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत मेलेल्या ढोरांची कातडी सोलण्याचे काम स्वतः केले. लोकांनी त्यांस ‘कोकणचे गांधी’ म्हटले. त्यांच्या त्यागाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु सुरी तीच, कातडे तेच, दुर्गंधी तीच असता एकास त्यातून पूज्यता मिळाली आणि दुसऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या अवहेलना, हे कसे? एकाने ते काम निवडले होते. दुसऱ्यावर ते लादले होते. अलास्कातील कुटुंबाच्या मांसास आणि महारवाड्यातील मांसास वेगवेगळी किंमत आली तीही याच कारणाने. दोष मांसात नव्हता, सक्तीत होता.

हा इतिहास संपला असे म्हणून पुस्तक मिटता आले असते तर बरे झाले असते. परंतु २०१६ सालच्या जुलैत गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांस बांधून मारहाण झाली. त्यानंतर त्या प्रांतात अनेकांनी ढोरे उचलण्याचे नाकारले, आणि सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढे मृत जनावरे आणून टाकली. वतन गेले होते, कायदा बदलला होता. पण ढोर मेले की गावाची नजर अजून त्याच वस्तीकडे वळत होती.

आपल्या पायांतील वहाणेचे कातडे कोठून आले, हे आपण कधी विचारीत नाही. निदान मुलांना इतिहास शिकविताना एवढा प्रश्न तरी विचारावा. त्याचे उत्तर त्यांनी शोधले, तर गढ्या आणि लढाया यांच्या पलीकडचा महाराष्ट्रही त्यांच्या दृष्टीस पडेल.