गेम अडकतोय? दोष जीपीयूचा की ग्राफिक्स ड्रायव्हरचा?

मागच्या वर्षी एका रविवारी रात्री साडेदहाला मावशीच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे मावशी नव्हती, माझा मावसभाऊ होता. "ताई, माझा फोन लोगोवरच अडकलाय. तास झाला, पुढेच जाईना." मी विचारलं, "काय केलंस?" थोडा वेळ शांतता. मग हळूहळू कळलं. एका व्हिडिओत बघून त्याने बूटलोडर अनलॉक केला, फोन रूट केला आणि "लेटेस्ट ग्राफिक्स ड्रायव्हर, ९० एफपीएस गॅरंटी" अशा नावाची झिप फाइल फ्लॅश केली. हे सगळं कशासाठी, तर दोन दिवसांपूर्वी सिस्टीम अपडेट आला होता आणि तेव्हापासून गेम अडकत होता.

फोन वाचला, फोटो नाही. बूटलोडर अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. फोन स्क्रीनवर तशी वॉर्निंग देतो, पण व्हिडिओवाल्याने ती पटकन पुढे सरकवली होती. त्या रात्री मी भावाला जे समजावलं, तेच इथे जरा नीट लिहितेय. कारण गेम अडकत होता हे त्याचं निरीक्षण बरोबर होतं, ड्रायव्हरवर त्याचा संशयही अर्धा बरोबर होता. चुकला तो उपाय.

ड्रायव्हर मधे बसून काय करतो?

तुमच्या फोनमध्ये बहुधा चारपैकी एका घराण्याचा जीपीयू असतो. स्नॅपड्रॅगन असेल तर ॲड्रेनो. मीडियाटेक असेल तर बहुतेक वेळा आर्म कंपनीचा माली, नाहीतर इमॅजिनेशनचा पॉवरव्हीआर. सॅमसंगच्या काही एक्सिनोस चिपमध्ये एएमडीच्या तंत्रावरचा एक्सक्लिप्स. (ॲड्रेनोचं मूळही एएमडीतच आहे. क्वालकॉमने २००९ मध्ये एएमडीचा मोबाइल ग्राफिक्स विभाग विकत घेतला. 'ॲड्रेनो' या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की 'रेडिऑन' होतं.)

या प्रत्येकाची आतली मशीन भाषा वेगळी. गेम बनवणारा प्रत्येकासाठी वेगळा गेम लिहीत बसत नाही. तो ओपनजीएल ईएस किंवा व्हल्कन या ठरलेल्या पद्धतीने सांगतो: हे त्रिकोण काढ, त्यांच्यावर हे चित्र चिकटव, इथे सावली पाड. त्याचं त्या विशिष्ट जीपीयूच्या भाषेत रूपांतर करायचं काम ड्रायव्हरचं. मेमरी कुठे ठेवायची, कामं कुठल्या क्रमाने पाठवायची, जीपीयूचं काम झालं की नाही यावर लक्ष ठेवायचं, तेही त्याच्याकडेच.

आणि हे फक्त गेमपुरतं नाही. व्हॉट्सॲपची चॅट लिस्ट वर सरकवता, तेव्हाही अँड्रॉइड ती स्क्रीन जीपीयूकडूनच काढून घेतो. ६० हर्ट्झच्या डिस्प्लेवर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर फक्त ८.३. ॲपचं गणित, ड्रायव्हरचं भाषांतर, जीपीयूचं चित्र, सगळं एवढ्यात बसलं पाहिजे. नाही बसलं तर जुनीच फ्रेम पुन्हा दिसते, आणि आपण म्हणतो, "फोन हँग मारतोय."

इथे एक गंमत लक्षात घ्या. ड्रायव्हरचं भाषांतराचं काम जीपीयूवर चालत नाही, ते सीपीयूवर चालतं. त्यामुळे जीपीयू अर्धा रिकामा बसलेला आणि तरी एफपीएस पडलेले, असं होऊ शकतं. ओपनजीएल ईएसमध्ये ड्रायव्हर जवळपास प्रत्येक आज्ञा तपासत बसतो आणि हे सगळं बहुतांशी एकाच थ्रेडवर होतं. व्हल्कन २०१६ मध्ये आलं आणि त्याच वर्षी अँड्रॉइड ७ मध्ये त्याला जागा मिळाली. त्यात ही बरीचशी जबाबदारी गेम लिहिणाऱ्यावर टाकली आहे, आणि आज्ञांची तयारी अनेक थ्रेडवर वाटता येते. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये व्हल्कनचा पर्याय दिसला तर एकदा वापरून बघा. पण व्हल्कन म्हणजे हमखास फास्ट असं नाही. ड्रायव्हरमधला व्हल्कनचा भाग कच्चा असेल तर तोच गेम ओपनजीएलवर जास्त स्थिर चालतो.

अपडेटनंतर पहिल्या मॅचला गेम का अडकतो

भावाच्या त्रासाचं मूळ इथे होतं. गेममधला प्रत्येक रंग, धूर, पाण्याची चमक यांच्यामागे शेडर नावाचे छोटे प्रोग्राम असतात. गेमसोबत ते सर्वसाधारण रूपात येतात. तुमच्या जीपीयूच्या मशीन कोडमध्ये त्यांना कंपाइल करतो तो ड्रायव्हरमधला कंपायलर, तोही तुमच्याच फोनवर. एखादा शेडर कंपाइल व्हायला ५० मिलिसेकंद लागले तर तेवढ्यात ६० हर्ट्झवर तीन फ्रेम गेल्या. समोर पहिल्यांदा ग्रेनेड फुटला की जो झटका बसतो, तो पुष्कळदा हाच.

एकदा कंपाइल झालेला शेडर कॅशमध्ये साठवला जातो, म्हणून दुसऱ्या वेळी झटका बसत नाही. पण सिस्टीम अपडेटसोबत ड्रायव्हर बदलला तर जुन्या कंपायलरचा माल नव्याला चालत नाही. कॅश रद्द होते, आणि सगळं पहिल्यापासून. भावाने दोन-तीन मॅच कळ काढली असती, किंवा गेममध्ये शेडर डाउनलोड वा कंपाइल करायचा पर्याय असेल तर तो पूर्ण होऊ दिला असता, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

अपडेटनंतर आठवडा झाला तरी गेम अडकतोय, रंग चुकीचे दिसतात, काळे चौकोन येतात, ठरावीक ठिकाणीच क्रॅश होतो, तेव्हा मात्र ड्रायव्हरमध्येच बग असण्याची शक्यता खरी. कंपनीच्या फीडबॅक ॲपमधून कळवा. "लॅग होतोय भाऊ" एवढंच लिहू नका. गेमचं नाव, आवृत्ती, कुठला नकाशा, बिल्ड नंबर, हे दिलं तर पलीकडचा इंजिनिअर काहीतरी करू शकतो. मी स्वतः असे रिपोर्ट वाचते, म्हणून सांगतेय.

मग नवा ड्रायव्हर डाउनलोड का करता येत नाही?

कॉम्प्युटरवर ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेतो आणि टाकतो. फोनवर तसं नाही, कारण फोनमधला ड्रायव्हर दोन तुकड्यांत असतो. एक तुकडा लिनक्स कर्नलच्या आत. तो हार्डवेअरशी थेट बोलतो आणि कर्नलच्या लायसन्समुळे त्याचा सोर्स कोड खुला असतो. दुसरा, मोठा तुकडा कर्नलच्या बाहेर, व्हेंडर पार्टिशनमध्ये. शेडर कंपायलर वगैरे सगळी हुशारी त्यात, आणि तो बंद पेटीत मिळतो. या दोघांचं एकमेकांशी जुळावं लागतं, खालच्या फर्मवेअरशीही जुळावं लागतं. भावाने फक्त वरचा तुकडा बदलला, तोही दुसऱ्या पिढीच्या ॲड्रेनोचा. स्क्रीनवर काही काढता येईना, म्हणून अँड्रॉइड सुरू होताना पुन्हा पुन्हा पडत राहिला आणि फोन लोगोवरच फिरत राहिला. बूटलूप म्हणतात तो हाच.

अधिकृत वाट लांब आहे. चिप बनवणारी कंपनी ड्रायव्हर सुधारते, फोन कंपनी तो आपल्या मॉडेलसाठी घेते, तपासते, मग ओटीए अपडेटमध्ये घालते. मधली कुठलीही कडी सुटली की तुम्ही जुन्यावरच. अँड्रॉइड ८ मध्ये, म्हणजे २०१७ साली, गूगलने प्रोजेक्ट ट्रेबल आणून व्हेंडरचा भाग सिस्टीमपासून वेगळा केला. त्यामुळे अँड्रॉइडची नवी आवृत्ती देणं सोपं झालं. पण त्याची दुसरी बाजू अशी की अँड्रॉइड नवा आला म्हणून ड्रायव्हर नवा आलाच असं नाही.

अँड्रॉइड १० पासून ड्रायव्हर प्ले स्टोअरमधून ॲपसारखा अपडेट करायची सोय आहे. क्वालकॉमने डिसेंबर २०१९ मध्ये स्नॅपड्रॅगन ८६५ आणताना तिचा मोठा गाजावाजा केला होता. मला तेव्हा वाटलं होतं, चला, प्रश्न सुटला. सुटला नाही. सोय असून उपयोग नाही, फोन कंपनीने ती वापरायला हवी, आणि बहुतेकांनी ती मनावर घेतलीच नाही. तुमच्या फोनवर आहे का ते डेव्हलपर ऑप्शन्समधल्या 'ग्राफिक्स ड्रायव्हर प्रेफरन्सेस'मध्ये दिसेल. तिथे डीफॉल्ट आणि सिस्टीम ड्रायव्हर एवढंच असेल तर वेगळा ड्रायव्हर आलेला नाही, आणि कुठलंही "जीपीयू बूस्टर" ॲप तो आणू शकत नाही. साध्या ॲपला व्हेंडर पार्टिशनमध्ये लिहायची परवानगीच नसते.

एम्युलेटर वापरणाऱ्यांनी 'टर्निप' हे नाव ऐकलं असेल. मेसा या खुल्या प्रकल्पातला तो ॲड्रेनोसाठीचा व्हल्कन ड्रायव्हर. काही एम्युलेटर तो स्वतःपुरता, ॲपच्या आत लोड करतात. त्याला रूट लागत नाही, आणि चुकलं तर फक्त ते ॲप पडतं, फोन नाही. प्रयोगाची हौस असेल तर ती इथे भागवा. मालीवाल्यांना मात्र हा रस्ता नाही.

वेग एक बाजूला, सुरक्षा दुसरीकडे

ड्रायव्हरचा एक तुकडा कर्नलमध्ये असतो, आणि कुठल्याही ॲपला चित्र काढायचं म्हटलं की त्याच्याशी बोलावंच लागतं. म्हणजे तिथे भोक राहिलं तर साध्या ॲपमधून थेट फोनच्या गाभ्यापर्यंत वाट मिळते. २०२२ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरो टीमने मालीच्या ड्रायव्हरमधल्या पाच त्रुटी आर्मला कळवल्या. आर्मने त्या जुलै-ऑगस्टपर्यंत दुरुस्तही केल्या. पण नोव्हेंबरमध्ये टीमने माली असलेले फोन तपासले, तर दुरुस्ती एकातही पोहोचलेली नव्हती. खुद्द गूगलच्या पिक्सेलमध्येही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मालीच्या आणखी एका त्रुटीबद्दल आर्मनेच सांगितलं की तिचा मोजक्या लक्ष्यांवर प्रत्यक्ष वापर होत असल्याची चिन्हं आहेत.

म्हणून "अपडेटने फोन स्लो होतो, टाकूच नको" हा सल्ला मला पटत नाही. त्या अपडेटमध्ये ड्रायव्हरची दुरुस्ती असू शकते, आणि त्याच फोनवर तुमचं यूपीआय चालतं. नवा फोन घेताना मी आता चिपइतकंच कंपनी किती वर्षं अपडेट देते हे बघते. बजेटमधला फोन असेल तर आधी तेच बघते.

तुमच्या फोनवर काय आहे ते बघा

एडा६४ सारख्या ॲपमध्ये ओपनजीएल ईएसच्या ओळीत ड्रायव्हरची आवृत्ती दिसते. मालीवर ती 'आर' अक्षर, आकडा, 'पी' अक्षर, आकडा अशी असते, उदाहरणार्थ आर३२पी१. ॲड्रेनोवर 'व्ही'नंतर ०६१५ सारखा चार अंकी आकडा आणि पुढे पॉइंट देऊन आणखी एक. दोन्हीत आकडा मोठा तो ड्रायव्हर नवा. आत्ताचा आकडा लिहून ठेवा आणि पुढच्या ओटीएनंतर पुन्हा बघा. कंपनीने ड्रायव्हर खरंच बदलला की नुसते आयकॉन गोल केले, ते लगेच कळेल.

फ्रेम वेळेत होतात का हे बघायला डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'प्रोफाइल एचडब्ल्यूयूआय रेंडरिंग' सुरू करून 'बार्स' निवडा. हिरव्या आडव्या रेषेच्या वर गेलेली प्रत्येक काठी म्हणजे उशीर झालेली फ्रेम. बहुतेक गेम स्वतःच चित्र काढतात, त्यामुळे तिथे हे चालत नाही, पण साध्या ॲपसाठी छान आहे. त्याच यादीतलं 'फोर्स फोर एक्स एमएसएए' व्हिडिओत बघून सुरू केलं असेल तर बंद करा. त्याने कडा गुळगुळीत होतात, पण जीपीयूचं काम वाढतं, फोन तापतो, आणि तापला की फ्रिक्वेन्सी खाली येते. 'डिसेबल एचडब्ल्यू ओव्हरलेज'चंही तेच: जे काम डिस्प्लेचं हार्डवेअर स्वस्तात करतं, ते उगाच जीपीयूच्या गळ्यात पडतं.

भावाच्या फोनवर आम्ही कंपनीची मूळ फर्मवेअर पुन्हा टाकली. बूटलोडर मात्र उघडाच होता, त्यामुळे त्याचं बँकेचं ॲप सुरू व्हायला तयार नव्हतं. शेवटी मूळ फर्मवेअर नीट बसल्याची खात्री करून तो परत लॉक केला, डेटा पुन्हा एकदा पुसला, तेव्हा कुठे ते चालू झालं. मग त्याने गेम टाकला. पाच मिनिटांत मेसेज: "ताई, अजूनही अडकतोय." मी लिहिलं, "कॅश रिकामी आहे, दोन मॅच खेळ." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नुसता अंगठा आला.